चंचीतलं बी

या मृगाला मी मेलेलं बी पेरलं. उगवणार नाही हे पेरतानाच माहीत होतं. सून मागच्या दारात उभी राहून बघत होती. तिला त्या वाफ्यात कोथिंबीर टाकायची होती. म्हणाली, "आत्याबाई, ते बी न्हवं, भुसा हाय. फुंकर मारली तर उडून जाईल."

"मग मारू नगंस फुंकर," मी म्हटलं.

तिनं तोंड वाकडं केलं आणि आत गेली. तिचं काही चूक नाही. घरात खाणारी तोंडं आहेत, साखर रेशनची, आणि फूल कुणी खात नाही.

बी माझं नव्हे, माझ्या आत्तीचं. आत्ती म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. ती या उन्हाळ्यात निपाणीकडे, तिच्या सासरच्या गावी वारली. दिवस झाल्यावर तिचा थोरला मुलगा गणपा मोटारीनं उचगावला माझ्याकडे आला. मुलगा म्हणजे सवतीचा. लढाई संपली तरी काही मोटारी अजून कोळशावरच चालतात, त्यामुळे तो आला तेव्हा भट्टीतून काढल्यासारखा दिसत होता. गुळाचा चहा प्याला आणि पिशवीतून एक चंची काढून माझ्या हातात दिली. चंची म्हणजे पान, सुपारी, तंबाखूची कापडी पिशवी. आत कप्पे असतात, दोरी ओढली की तोंड बंद होतं. जुन्या बायका ती कमरेला खोचतात.

"आक्का, आईनं तुला द्याला सांगितलंतं."

आत वाळलेल्या दोन सुपाऱ्या, चुन्याची डबी आणि एक गाठोडी. गणपा गाठीकडे टक लावून बघत होता. त्याला वाटलं असावं, सोन्याचे मणी-बिणी निघतील. मी गाठ सोडली.

"काय हाय गं त्यात?"

"गोंड्याचं बी."

"गोंडा?" तो म्हणाला. "आमच्या दारात तर कवा गोंडा बघितला न्हाई मी."

नव्हताच. तो बरोबर बोलत होता.

बियांचं वय माणसांसारखं एका मापानं मोजता येत नाही. कोंबड्याचं बी, म्हणजे ज्याला लाल मखमली तुरा येतो त्याचं, फार चिवट. गाडग्यात चार वर्षं विसरलं तरी टाकल्यावर वर येतं. तेरड्याचंही तसंच. गुलबक्षीचा मिऱ्यासारखा दाणा भिंतीच्या फटीत पडून राहतो आणि त्याच्या मनात येईल तेव्हा उगवतो. गोंडा तसा नाही. शहरातली माणसं त्याला झेंडू म्हणतात. पहिल्या वर्षी मूठ टाकली की मूठभर उगवतो. दुसऱ्या वर्षी निम्मा. त्यानंतर आपण पेरायचं आणि गप्प बसायचं. आणि वरून काही कळत नाही. गहू, हरभरा पाण्यात टाकला की पोकळ दाणा तरंगतो. गोंड्याचं बी सगळंच तरंगतं. एक काळी काडी आणि तिला पांढरं शेपूट. जिवंत असो की मेलेलं, दिसायला तेच, वजनाला तेच. पेरल्याशिवाय कळत नाही, आणि पेरल्यावर जे कळतं त्याला काही इलाज नसतो.

मी चौथीपर्यंत शिकले. पुस्तकात बी रुजण्याचा धडा होता, चित्र पण होतं. बी, मग मोड, मग रोप, मग फूल. न रुजलेल्या बियाचं चित्र नव्हतं.

आमचं माहेर अनगोळचं. तेव्हा अनगोळ बेळगावात नव्हतं, बेळगावच्या शेजारी होतं. मध्ये भाताची शेतं होती. घरात आप्पा म्हणजे माझे वडील, आई, मी, पाळण्यातला भाऊ आणि आत्ती. आत्तीला नवऱ्यानं परत धाडलं होतं. मूल होईना, म्हणून त्यानं दुसरी केली. मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. एक दिवस गाडीत बसवून आणलं आणि उसनं नेलेलं भांडं परत करावं तसं आमच्या दारात सोडून गेला.

तेव्हा तिच्याजवळ एक बोचकं होतं आणि कमरेला ही चंची. चंचीत बी. लग्न झालं तेव्हा माहेरच्या गोंड्याचं बी ती पदराला बांधून घेऊन गेली होती. आमच्याकडे मुली नेतातच. तिकडच्या अंगणात ते लावलं, वाढवलं, त्याचं बी धरलं, आणि परत येताना तेवढं बरोबर आणलं. पण इकडे येऊन ते कधी पेरलं नाही. इकडे दर वर्षीचं ताजं बी होतं. मी विचारायची, "मग ठेवलंयस कशाला?"

"ऱ्हाऊ दे. सुपारीला कीड लागत न्हाई," ती म्हणायची.

विहिरीच्या मागं तिचे वाफे होते. गोंडा, शेवंती, थोडा कोंबडा. दसरा-दिवाळीला ती टोपली डोक्यावर घेऊन बेळगावच्या बाजारात जाऊन बसायची. घरचं मीठ, माझी पाटी, आईचं नवं लुगडं हे त्या टोपलीतून यायचं. त्यामुळे आत्ती आमच्या घरात जेवायला बसली की सगळ्यांकडे तोंड करून बसायची. वाढताना कमी पडलं तर, "वैनी, भात आन हिकडं," असं मोकळं म्हणायची. टाकलेली बाई माहेरी अशी जेवत नाही. मी इतर घरांतल्या बघितल्या आहेत. त्या चुलीकडे तोंड करून जेवतात, म्हणजे त्या किती खातात ते कुणाला दिसत नाही आणि कोण कसं बघतं ते त्यांना दिसत नाही.

मी शाळेत जायची तेव्हा एका वर्षी दिवाळी झाली आणि गावात उंदीर पडायला लागले. हे आताच्या पोरांना फोडून सांगावं लागतं. घरात उंदीर आपोआप मरून पडला की प्लेग आला असं समजायचं आणि घर सोडून माळावर जायचं. आमच्या घरात तो तिन्हीसांजेला पडला. आढ्यावरून धप्पकन आला, आई भाकरी थापत होती तिथून हातभर लांब. आईनं तवा तसाच उतरवला. आप्पांनी गाडी जुंपली. भांडी, वाकळा, भाताचं पोतं, पाळणा. शेवटी आप्पा कोपऱ्यातलं बियांचं गाडगं घेऊन निघाले. राखेत घातलेलं बी, वर फडकं बांधलेलं. आत्ती तेव्हाच दिवा लावून उंबऱ्याशी आली होती.

"अण्णा, ते ठेव."

"का?"

"दिवा लागलाय. आता बी उंबऱ्याभाईर न्हेत न्हाईत. लक्षुमी जाती."

"अगं तानी, घरात उंदीर पडलाय!"

"पडू दे की. सकाळी येऊन न्हेऊ. रातभरात काय पळून जातंय व्हय ते?"

दिवे लागल्यावर मीठ, दही आणि बी घराबाहेर जात नाही, ही आमच्याकडची रीत. शेजारणीनं मागितलं तरी सकाळी ये म्हणतात. आप्पांनी गाडगं परत कोपऱ्यात ठेवलं. सकाळी वेशीवर शिपाई उभे होते. ते कुणाला आत सोडेनात.

मी तिला दोष देत नाही. त्या वेळी आई बोलली असती तर आईही तेच म्हणाली असती, आणि आप्पांच्या मनातही तेच असणार, नाहीतर त्यांनी एवढ्या लवकर गाडगं खाली ठेवलं नसतं. फक्त बोलली ती.

माळावर उसाच्या पाल्याच्या झोपड्या होत्या, ओळीनं. शाळा बंद. रात्री थंडी अशी की वाकळ ओली वाटायची. ओळीतली काही माणसं गेली. कोण कोण ते इथे लिहीत नाही. लिहायला लागले तर तेवढंच होईल. आमच्या झोपडीतलं कुणी गेलं नाही. आत्ती रोज संध्याकाळी वेशीकडे बघत उभी राहायची. गावातून धूर येत नव्हता, कुत्रंही भुंकत नव्हतं. ती म्हणायची, "माझ्या शेवंतीला कोण पाणी घालत असंल?" कुणी घालत नव्हतं हे तिलाही ठाऊक होतं.

उन्हाळा सरताना घरी आलो. ऊन आत यावं म्हणून सरकारी माणसांनी कौलं काढून ठेवली होती. भिंतींवर चुना मारला होता, जमिनीवर उग्र वासाचं औषध ओतलं होतं, आणि त्या सगळ्यावर वळवाच्या सरी पडून गेल्या होत्या. शेवंतीचे ठोंब वाळून सरपण झालेले. गाडग्यातल्या राखेचा चिखल झाला होता. आत्तीनं त्यात हात घातला आणि काढला. कोपरापर्यंत काळा. वास घेतला तर औषधाचा. तिनं गाडगं परसात नेऊन रिकामं केलं, पालथं घातलं, हात धुतले. त्या दिवशी ती चुलीकडे तोंड करून जेवली. आईच्या ते लक्षात आलं. आईनं मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं.

दुसरीकडून बी आणावं तर आसपासच्या सगळ्या गावांची तीच गत. जिथे प्लेग गेला नव्हता अशा एका लांबच्या गावाला आत्ती चालत गेली. तिथला माळी म्हणाला, "दसऱ्याला तू बाजारात माझ्या शेजारी बसणार, आन बी मीच देऊ व्हय?" ती परत आली. त्याचंही काय चुकलं?

तशात तिचा नवरा आला. दुसरी बायको प्लेगात गेली होती. मागं तीन पोरं, सगळ्यात धाकटं रांगणारं. तो जोत्यावर बसला. अंगाला तंबाखूचा वास, डोळे आत गेलेले. तो राक्षसासारखा दिसावा अशी माझी इच्छा होती. तो तसा दिसत नव्हता. तो न झोपलेल्या माणसासारखा दिसत होता.

"न्यायला आलोय तिला," तो म्हणाला.

आप्पा म्हणाले, "दाजी, धाडलासा तवा इचारला न्हाईसा. आता न्हेताना तरी इचारा."

"इचारायचं काय त्यात? बायकोच हाय की माझी. काडीमोड केलाय का कुनी? पोरं उपाशी झोपत्यात अण्णा. शेजारच्या बायका किती दीस भाकरी देतील?"

आतून आई म्हणाली, "वन्संस्नी तर इचारा कुनीतरी." ते बाहेर कुणी ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि सोडून दिलं. आतली जात्याची घरघर मगाशीच थांबली होती. मग आत्ती स्वतःच दारात आली. नवऱ्याकडे न बघता आप्पांना म्हणाली, "अण्णा, माझा गोंडा लागला तर मी हितंच ऱ्हानार. दसऱ्याला टोपली भरली की माझं मी खाईन. कुनावर भार न्हाई."

नवरा म्हणाला, "बी कुठं हाय? गावात कुनाकडंच न्हाई म्हनत्यात."

तिनं कमरेवर हात मारला. "हाय."

आप्पा बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसले. मग म्हणाले, "वटपुनवंपत्तोर थांबा दाजी. तवर रोपं वर आली तर ऱ्हाईल ती. न्हाई आली तर घेऊन जावा."

मी पुष्कळ वर्षं यावर विचार केला. आप्पांना 'नाही' म्हणायचं धाडस नव्हतं आणि 'हो' म्हणायची लाज वाटत होती. म्हणून त्यांनी ते बियावर सोपवलं. बी बिचारं काय, कुणी काही सोपवलं तरी घेतं.

जुनं बी आधी तपासतात. आत्तीनं चिमूटभर बी ओल्या फडक्यात बांधून कमरेला, पोटाच्या उबेला ठेवलं. ताजं असतं तर दोन-चार दिवसांत पांढरा कोंब दिसला असता. रोज सकाळी ती फडकं सोडायची, मी डोकं घालून बघायची. काड्या तशाच. मग बुरशी आली.

आई म्हणाली, "वन्सं, मेलंय हो ते."

"मेलं न्हाई. तंबाखूच्या वासानं गुंगी आलीया," आत्ती म्हणाली आणि उरलेलं सगळं पेरलं.

मृग निघाला होता. तिनं माती चाळून घेतली, तीत शेणखत कालवलं, बोटानं रेघा ओढल्या, बी टाकलं, वर चिमटीनं माती भुरभुरली आणि भाताचा पेंढा पातळ पसरला. पाणी घागरीतून ओतलं नाही, ओंजळीतून शिंपडलं. मला काठी देऊन कोंबड्या हाकायला बसवलं. विहिरीवर पाण्याला आलेली शेजारीण हसायची. म्हणायची, "काय गं तानू, सात जन्माचा दाल्ला न्यायला आलाय आन तू गोंडा पेरत बसलीयास?"

"सात जन्माचा हाय न्हवं? मग ह्या जन्माला सुट्टी दे म्हनावं," आत्ती म्हणायची. दोघी हसायच्या. मग शेजारीण गेली की आत्ती पेंढा उचलून बघायची.

एक दिवस हिरवं दिसलं. मी ओरडत घरात पळाले. "आत्ती, आला! गोंडा आला!" ती पिठाच्या हातानं धावत आली, वाकली, एक रोप चिमटीत उपटलं, चुरगाळलं आणि वास घेतला. मग तीच बोटं माझ्या नाकाला लावली.

"काय वास येतोय?"

"कसला न्हाई."

"तांदुळजा हाय ह्यो. गोंड्याचं पान नखाएवढं असलं तरी वास सोडत न्हाई. वास न्हाई म्हंजे त्यो न्हवं. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. या वर्षीसुद्धा रोज सकाळी मी वाफ्यात जे काही वर येतं ते चुरगाळून बघते. कालच चुरगाळलं. सून म्हणाली, "आत्याबाई, तांदुळजा हाय तर भाजीला तरी द्या." दिला.

वटपौर्णिमेला आत्तीलाही वडाला जावं लागलं. नवरा जिवंत असलेल्या बाईला न जाऊन चालत नाही, मग तो कुठेही असो. ती दोरा घेऊन गेली, सगळ्यांबरोबर फेरे घातले, आली. काय मागितलं ते मी विचारलं नाही. येताना ती आधी वाफ्याकडे गेली आणि मग घरात. दुसऱ्या दिवशी गाडी आली.

रडारड झाली नाही. आईनं तिच्या पदरात तांदूळ आणि नारळ घातला. आप्पांनी बोचकं गाडीत ठेवलं आणि बैलांची शिंगं चाचपत उभे राहिले, जसं काही बैल विकत घ्यायचे होते. आत्ती माझ्याजवळ आली.

"चिमे, वाफ्याला पानी घाल."

"कशाला? उगवायचं न्हाई ते."

"तरी घाल."

गाडी निपाणीच्या वाटेला लागली तेव्हा मला कळलं की ती खरंच गेली. तोवर उगाच वाटत होतं की काहीतरी होईल. लहान पोरांना तसं वाटतं. मोठ्यांनाही वाटतं, पण ती बोलत नाहीत.

मी पाणी घातलं. राग आला होता म्हणून घागरीतून भसाभस ओतलं, मग पावसानंच ते काम हाती घेतलं आणि मी विसरले. काही दिवसांनी आप्पा मिरचीची रोपं आणि कुदळ घेऊन परसात गेले. रिकामा वाफा ठेवून काय करायचं? मी रोपांची पाटी धरून मागं होते. पेंढा कुजून काळा झाला होता. आप्पांनी तो बाजूला ओढला, आणि रेघेच्या मधोमध बारीक करवतीच्या दात्यांसारखी पानं दिसली. थोडी इथे, थोडी तिथे, मध्ये सगळं रिकामं.

या वेळी मी ओरडले नाही. पाटी खाली ठेवली, एक पान तोडलं आणि चुरगाळलं.

तो वास काय असतो ते ज्यानं दसऱ्याची तोरणं ओवली आहेत त्याला सांगायला नको. कडू, उग्र, थोडा कापरासारखा. बोटं धुतली तरी जात नाही.

"आप्पा, वास घ्या."

त्यांनी माझी बोटं नाकाशी धरली. मग वाफ्याच्या बांधावर खाली बसले, चिखलातच.

जुनं बी उशिरा उगवतं. मेलेलं नसतं, पण त्याला जागं व्हायला ताज्याच्या तिप्पट वेळ लागतो. पहिला कोंब आज आला तर दुसरा आठवड्यानं. हे आज मी कुणालाही सांगेन. तेव्हा आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आत्तीलासुद्धा, कारण जुनं बी पेरायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती. दर वर्षी बी धरायचं, दर वर्षी पेरायचं. कमरेचं फडकं बुरसलं तेव्हाच सगळ्यांनी हात झटकले होते. बियानं काही फसवलं नाही. मुदत ठरवताना बियाला कुणी विचारलं नव्हतं. आत्तीलाही विचारलं नव्हतं, तेव्हा त्यात नवल नाही.

"आणा की आत्तीला," मी म्हटलं.

"आता काय म्हनून आणू गं?" आप्पा म्हणाले. "बोली वटपुनवंची हुती."

"पण उगवलंय की!"

"उगवलंय," ते म्हणाले. मिरचीची पाटी उचलून ते परसाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथली दगडगोट्यांची जागा खणायला लागले. संध्याकाळपर्यंत खणत होते. तिथे मिरची काही नीट आली नाही.

आई रात्री म्हणाली, "निपाणीच्या बाजाराला जानाऱ्या कुनाकडं निरोप तरी द्या."

"काय द्यायचा निरोप? तू गेलीस आन उगवलं म्हनून? ती तिथं पोरांस्नी घास भरवत असंल. तिनं ऐकून काय करायचं?"

कळवलं असतं तर ती जळली असती. नाही कळवलं तर आम्ही. कुणीतरी जळायचंच होतं, तर ते आप्पांनी आपल्या घरात ठेवलं.

रोपं मोठी झाल्यावर मी आणि आईनं ती काढून सरीत लावली. एक सरी भरली. मी शेंडे खुडले, कारण आत्ती खुडायची; शेंडा खुडला की फांद्या फुटतात. दसऱ्याला ती सरी अशी पिवळी झाली की विहिरीवरच्या बायका बघायला यायच्या आणि घागरी उचलून जायच्या. टोपली भरली. आमच्या घरातल्या पुरुषांनी कधी फुलं विकली नव्हती. आप्पांनी टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि बेळगावला जाऊन आत्तीच्या जागेवर बसले. येताना मीठ आणि माझ्यासाठी लिहायची पाटी आणली. मला ती पाटी आवडली. पोरांचं असं असतं.

त्या सरीचं बी मी धरलं, पुढे दर वर्षी धरत गेले, आणि लग्नात पदराला बांधून उचगावला आणलं. लग्नानंतर काही वर्षांनी माझ्या मालकांच्या नात्यातलं एक लग्न निपाणीकडे निघालं. मी जाताना त्या वर्षीच्या ताज्या बियांची गाठोडी घेतली. आत्तीला तेव्हापासून मी बघितलं नव्हतं. तिला कधी माहेरी पाठवलं नाही असं नाही, पण पहिली वर्षं पोरं लहान म्हणून ती आली नाही, आणि पुढे यायची तेव्हा मी सासरी असायची, आणि आमच्या घरात कुणी तिच्यासमोर गोंड्याचं नाव काढत नसे. तिनंही काढलं नाही.

तिच्या दारात अंगणभर तंबाखू वाळत घातला होता. पाऊल टाकायला जागा नव्हती. मधोमध आत्ती उकिडवी बसून पानं उलटत होती. हात चिकानं कोपरापर्यंत काळे. डोकीवरचे केस पांढरे झाले होते. गणपा तेव्हा मिसरूड फुटलेला, मागून ओरडला, "आई, भूक लागलीया!" आणि ती वर न बघता ओरडली, "मग ये की मला खा!" पोरं तिला आई म्हणत होती, ती त्यांच्यावर खेकसत होती, घर चालत होतं. ती सुखात होती की दुःखात, मला सांगता येणार नाही. विचारायची रीत नव्हती आणि तिनं विचारू दिलं नसतं. दुपारी आम्ही जेवलो. नवरा म्हातारा झाला होता. त्यानं आग्रह करून मला दोनदा वाढून घ्यायला लावलं. आत्ती चुलीकडे तोंड करून जेवली.

मग ती परत पानं उलटायला बसली. मी तिच्याजवळ सावलीला बसले.

"अण्णा बरा हाय?"

"बरे हायत. गुडघे धरल्यात."

"वैनी?"

"बरी हाय."

दोन-चार पानं उलटून झाली. मग पानांकडेच बघत ती म्हणाली, "त्यो उगवला काय गं?"

कुठला, असं मी विचारलं नाही. नाही म्हणावं असं मनात आलं होतं. एक शब्द तर होता. पण तिनं मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"उगवला," मी म्हटलं.

"कवा?"

"तू गेल्यावर."

"किती?"

"एक सरी भरून."

तिच्या हातातलं पान तसंच राहिलं. ती अंगणाच्या त्या टोकापर्यंत बघत होती, जिथे तंबाखूशिवाय काही नव्हतं. मनातल्या मनात तिनं टोपली भरून बघितली असावी.

"एक सरी," ती म्हणाली. "पुरलं असतं की गं."

मी पदराची गाठ सोडून बियांची गाठोडी तिच्या पुढ्यात ठेवली. हे त्याचंच, असं सांगितलं. तिनं काळ्या बोटांनी ती उचलली, हुंगली, कमरेची चंची काढून आत टाकली, वर सुपारी टाकली आणि दोरी ओढली.

"सरक तिकडं," ती म्हणाली. "तुझी सावली पडतीया पानावर."